बॉक्स स्कोअर वाचायला शिकूया, पॉइंट्सचा कॉलम सगळ्यात शेवटी

मी रोज सकाळी नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरने जातो आणि एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सीझन चालू असला की तो वेळ माझा बॉक्स स्कोअर वाचायचा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. पूर्व किनाऱ्यावरच्या मॅचेस आपण गजर बंद करत असतो तेव्हा सुरू होतात आणि तुर्भे-कोपरखैरणे येईपर्यंत संपलेल्या असतात. लाइव्ह बघणं नोकरीवाल्या माणसाला रोज शक्य नाही, पण मॅच संपल्यावर जो आकड्यांचा तक्ता येतो ना, म्हणजे हाच बॉक्स स्कोअर, तो नीट वाचता आला तर मॅच कशी गेली हे बरंचसं कळतं. कोण दमला, कोणी बॉल वाया घालवले, कुठली टीम रडतखडत जिंकली, सगळं.

संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या कोर्टवर पोरापोरींना थोडं शिकवतो. मध्ये एका छोट्या टूर्नामेंटनंतर एका मुलीची आई माझ्याकडे आली, म्हणाली, सर, हिचे तर दोनच पॉइंट्स आहेत, मग तुम्ही हिला जवळजवळ पूर्ण मॅच का खेळवलीत, बाकीच्यांना वाईट वाटत असेल. मी वहीतला तक्ता उघडून दाखवला पण त्यांना त्यातलं काही लागेना, आणि उभ्या उभ्या पाच मिनिटांत मलाही नीट सांगता आलं नाही. ते डोक्यात राहिलं. म्हणून आता सावकाश, पायरी पायरीने लिहितोय, ज्यांनी बॉक्स स्कोअर आयुष्यात कधी उघडला नाही त्यांच्यासाठी.

उदाहरणाला एकच मॅच घेऊ, म्हणजे गोंधळ नाही. 2016 च्या एनबीए फायनल्सची सातवी मॅच, क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. तारीख तिकडची 19 जून, आपल्याकडे सोमवार सकाळचे साडेपाच वाजले होते. क्लीव्हलँडने 93-89 अशी जिंकली. त्या मॅचचा तक्ता इंटरनेटवर सहज सापडतो, तो बाजूला उघडा आणि मग पुढे वाचा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही.

पायरी 1: आधी मिनिटं

तक्ता उघडला की डोळे आपोआप मोठ्या नावांकडे आणि मोठ्या आकड्यांकडे जातात. सुरुवातीला ते मुद्दाम टाळा. नावाच्या शेजारी पहिला कॉलम मिनिटांचा असतो, तिथून सुरू करा.

एनबीएमध्ये 12 मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे 48 मिनिटं. एका वेळी पाच जण कोर्टवर, म्हणून टीमची बेरीज 240. आपल्याकडे आणि बाकी जगात फिबाचे, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचे, नियम चालतात, 10 मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणून बेरीज 200. ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, तो झाला की आणखी 25 वाढतात. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएवाले आपल्या वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आले होते, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, त्यातली पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये पेसर्सनी 132-131 अशी घेतली. मग त्या दिवशीच्या तक्त्यात टीमच्या मिनिटांची बेरीज किती? 265. तक्ता म्हणजे किराणा दुकानातली खतावणी आहे, प्रत्येक आकडा कुठेतरी जुळतोच. हे एकदा लक्षात आलं की भीती जाते.

मिनिटं आधी का, तर बाकीचा प्रत्येक आकडा त्याच्यावर तोलायचा असतो. 10 मिनिटांत 12 पॉइंट्स आणि 38 मिनिटांत 12 पॉइंट्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मॅचमध्ये क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स आणि गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन दोघंही 48 पैकी 47 मिनिटं कोर्टवर होते. एवढं एकच वाचलं तरी कळतं की दोन्ही कोचेसना आपल्या मुख्य माणसाला बसवायची छाती झाली नाही. नावापुढे डीएनपी लिहिलं असेल तर तो खेळाडू खेळलाच नाही, आणि पुढे कोचेस डिसिजन असं असेल तर दुखापत नव्हती, कोचने घेतलाच नाही.

पायरी 2: शॉट कधी मोजतात ते समजून घ्या

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त अडकतो, म्हणून इथे जरा थांबू.

तीन जोड्या असतात. फील्ड गोल म्हणजे एफजी, चालू खेळात मारलेला शॉट. थ्री पॉइंटर म्हणजे थ्रीपी, लांबच्या रेघेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट. आणि फ्री थ्रो म्हणजे एफटी, फाउल झाल्यावर मिळणारा एका पॉइंटचा मोकळा शॉट. प्रत्येकात दोन आकडे, मधे रेघ, जसं 9-24. पहिला किती गेले, दुसरा किती मारले. लेब्रॉनचं त्या रात्रीचं असं होतं: एफजी 9-24, थ्रीपी 1-5, एफटी 8-10.

आता नीट ऐका, फील्ड गोलमध्ये थ्री धरलेले असतात. तो 1-5 वेगळा नाही, तो 9-24 च्या पोटातच आहे. दोन पॉइंटवाले हवे असतील तर वजा करायचे, 8-19. माझ्याकडे येणारी दहातली आठ पोरं पहिल्यांदा ते दोन आकडे मिळवून टाकतात.

पॉइंट्स जुळवायची सोपी रीत अशी की एफजी दुप्पट करा, त्यात गेलेले थ्री एकदाच मिळवा (कारण थ्रीचे दोन आधीच धरले, वरचा एकच उरला), मग फ्री थ्रो मिळवा. लेब्रॉनचे 18 अधिक 1 अधिक 8, बरोबर 27. त्याच टीमच्या कायरी अर्व्हिंगचं एफजी 10-23, थ्रीपी 2-5, एफटी 4-4, म्हणून 20 अधिक 2 अधिक 4, 26. विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 ला एका मॅचमध्ये 100 मारले होते त्याचंही करून बघा, एफजी 36, एफटी 28, आणि थ्री शून्य, कारण थ्रीची रेघ एनबीएत 1979-80 च्या सीझनला आली. 72 अधिक 28. आलं ना.

आता शॉट मोजतात कधी. मारताना फाउल झाला आणि बॉल आत गेला नाही, तर तो शॉट मारलेल्यात धरतच नाहीत, नुसते फ्री थ्रो मिळतात. क्रिकेटमध्ये वाइड बॉल बॅट्समनने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, तसंच. पण फाउल होऊनही बॉल आत गेला तर मारलेला एक, गेलेला एक, आणि वर एक फ्री थ्रो. आणि समोरच्याने ब्लॉक केला, म्हणजे शॉट हाताने अडवला, तर? तो मारलेल्यात धरतात, हुकला म्हणून. म्हणजे जो माणूस सारखा आत घुसून फाउल काढतो त्याचे कितीतरी प्रयत्न एफजीमध्ये दिसतच नाहीत, ते एफटीच्या कॉलममध्ये दडलेले असतात. हे विसरू नका, पुढच्या पायरीला लागणार आहे.

पायरी 3: टक्केवारी, पण कुठली

क्रिकेट बघणाऱ्याला हे पटकन कळेल. 30 रन म्हटलं की आपण लगेच विचारतो, किती बॉलमध्ये? मग बास्केटबॉलमध्ये 27 पॉइंट्स म्हटल्यावर किती शॉटमध्ये हे कोणीच का विचारत नाही, मला खरंच कळत नाही.

तक्त्यात छापलेली एफजी टक्केवारी म्हणजे गेलेले भागिले मारलेले. लेब्रॉन 9-24, म्हणजे 37.5 टक्के. समोर स्टेफ करी 6-19, म्हणजे 31.6. यावरून लेब्रॉन बरा वाटतो.

पण करीच्या सहापैकी चार थ्री होते, त्याचा थ्रीपी 4-14. तीन पॉइंटचा शॉट आणि दोनचा शॉट एकाच मापाने कसे मोजायचे? म्हणून इफेक्टिव्ह फील्ड गोल काढतात, त्यात प्रत्येक थ्री दीड शॉटएवढा धरतात. गेलेले एफजी, अधिक थ्रीचे अर्धे, भागिले मारलेले. करी: 6 अधिक 2, भागिले 19, आले 42.1 टक्के. लेब्रॉन: 9 अधिक अर्धा, भागिले 24, आले 39.6. उलटं झालं बघा, आता करी पुढे.

अजून थांबा, फ्री थ्रो कुठे गेले? लेब्रॉनने 10 घेतले, 8 गेले, करीने पूर्ण मॅचमध्ये एकच घेतला. ते धरायला ट्रू शूटिंग टक्केवारी आहे. पॉइंट्स भागिले, (मारलेले एफजी अधिक 0.44 गुणिले मारलेले एफटी) याची दुप्पट. हे 0.44 कुठून आलं असं सगळे विचारतात. दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक प्रयत्न, म्हणून 0.5 असायला हवं होतं, पण बास्केट गेल्यावर मिळणारा एक जादा फ्री थ्रो, टेक्निकल फाउलचा, थ्री मारताना मिळालेले तीन, हे सगळे धरले की सरासरी जरा खाली येते, आणि प्रत्यक्ष आकड्यांवरून 0.44 ठरलं. तर लेब्रॉन: 27 भागिले 56.8, आले 47.5 टक्के. करी: 17 भागिले 38.88, आले 43.7. परत लेब्रॉन पुढे.

तीन मापं, दोनदा उलटापालट, आणि माणसं तीच दोन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऐरोलीला गाडीत उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं होतं. यातलं कुठलं माप खरं? माझं मत विचाराल तर एकच काढायला वेळ असेल तर ट्रू शूटिंग काढा, ते काहीच सोडत नाही. आणि त्या दिवशी दोघांनीही चांगलं मारलं नव्हतं हेही तेच सांगतं, कारण त्या सीझनला लीगची सरासरी 54 च्या आसपास होती, हल्ली तर 57-58 असते.

ड्रेमंड ग्रीनचं बघायचंय? एफजी 11-15, थ्रीपी 6-8, एफटी 4-4, पॉइंट्स 32. इफेक्टिव्ह 93.3. फायनलच्या सातव्या मॅचमध्ये, वर 15 रिबाउंड आणि 9 असिस्ट, आणि हा माणूस हरलेल्या टीममध्ये होता. मला अजून वाईट वाटतं.

पायरी 4: रिबाउंड

दोन प्रकार. डिफेन्सिव्ह, म्हणजे समोरच्याने मारलेला हुकला आणि आपण घेतला. ऑफेन्सिव्ह, म्हणजे आपलाच हुकला आणि आपणच परत घेतला. बेरीज जरी एकत्र छापत असले तरी दोन्हीची किंमत सारखी नाही. डिफेन्सवाले बास्केटच्या जवळ आधीच उभे असतात, बहुतेक बॉल त्यांनाच मिळणार. त्यातून बॉल परत खेचून आणणं म्हणजे टीमला एक जादा डाव मिळवून देणं, म्हणून ऑफेन्सिव्हचा कॉलम वेगळा वाचत जा.

आणि नुसता आकडा मोठा म्हणून खूश होऊ नका. समोरची टीम खूप हुकवत असेल तर रिबाउंड आपोआप जास्त दिसणार. किती उपलब्ध होते त्यातले किती घेतले हे बघायचं. कधी कधी खाली टीम रिबाउंड म्हणून वेगळा आकडा दिसतो, बॉल कुणाच्या हातात न येता बाहेर गेला की तो टीमच्या नावावर जातो, त्यामुळे खेळाडूंची बेरीज आणि टीमची बेरीज यात फरक दिसला तर घाबरू नका.

पायरी 5: असिस्ट, टर्नओव्हर, स्टील, ब्लॉक

असिस्ट म्हणजे ज्या पासमुळे थेट बास्केट झाली तो पास. थेट म्हणजे किती थेट, हे टेबलवर बसलेला माणूस ठरवतो, म्हणून या कॉलममध्ये थोडं उन्नीस-बीस चालतं. एक फरक लक्षात ठेवा, पास मिळालेल्या खेळाडूवर मारताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो टाकला, तर फिबाच्या नियमात पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो, एनबीएत मिळत नाही. तुमच्या मुलाच्या मॅचमधले असिस्ट आणि एनबीएतले असिस्ट म्हणून थेट तोलू नका.

टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच बॉल समोरच्याला देऊन टाकणं, चुकीचा पास, ट्रॅव्हल (बॉलला टप्पा न देता चालणं), रेघेवर पाय, काहीही. माझ्या मते नवशिक्या टीमच्या मॅचेस या एकाच कॉलमवर हरल्या जातात. हुकलेला शॉट तरी परत मिळू शकतो, टर्नओव्हरमध्ये तीही शक्यता नाही. स्टील, म्हणजे समोरच्याचा बॉल पळवणं, हा त्याचाच दुसरा चेहरा, आपली प्रत्येक स्टील समोरच्याच्या टर्नओव्हरमध्ये लिहिलेली असतेच. म्हणून आपल्या स्टील समोरच्याच्या टर्नओव्हरपेक्षा जास्त दिसल्या तर लिहिणाऱ्याची चूक आहे, लगेच जाऊन सांगा.

एनबीएत स्टील आणि ब्लॉक 1973-74 पासूनच अधिकृत मोजायला लागले, टर्नओव्हर तर 1977-78 पासून. म्हणजे त्याआधीच्या काळातल्या बिल रसेलने आयुष्यभर जे ब्लॉक केले त्याचा अधिकृत आकडाच नाही. जुने तक्ते वाचताना रिकाम्या जागेला शून्य समजू नका.

फाउलबद्दल थोडक्यात. एनबीएत सहाव्या फाउलला बाहेर, फिबात पाचव्याला. एखाद्या चांगल्या खेळाडूची मिनिटं कमी दिसली तर आधी फाउलचा कॉलम बघा, बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

पायरी 6: प्लस-मायनस

हा माझा लाडका कॉलम आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याचबद्दल.

एखादा खेळाडू कोर्टवर असताना आपल्या टीमने किती मारले वजा समोरच्याने किती मारले, बस. त्याने स्वतः काही करायची गरज नाही. केव्हिन लव्हने त्या रात्री फक्त 9 पॉइंट्स केले, पण 14 रिबाउंड, आणि प्लस-मायनस अधिक 19, दोन्ही टीम मिळून सगळ्यात जास्त. टीम जिंकली चारने. म्हणजे लव्ह असताना क्लीव्हलँड 19 ने पुढे आणि तो बेंचवर असताना 15 ने मागे.

जुळवणी इथेही आहे. एका टीमच्या सगळ्या खेळाडूंचं प्लस-मायनस मिळवलं की विजयाच्या फरकाची पाचपट येते, कारण प्रत्येक बास्केटला पाच जण कोर्टवर असतात. क्लीव्हलँडची बेरीज अधिक 20 यायला हवी, गोल्डन स्टेटची उणे 20.

पण सांभाळून. एका मॅचच्या प्लस-मायनसवरून कुणाला चांगला-वाईट ठरवू नका, चांगल्या चौघांबरोबर कोर्टवर राहिलात तर तुमचा आकडाही फुगतो. दहा-बारा मॅचेसचा एकत्र बघा, मग काहीतरी बोलतो तो.

फिबाच्या तक्त्यात शेवटी एफिशियन्सी नावाचा कॉलम असतो. चांगल्या गोष्टी सगळ्या मिळवायच्या, हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. मला तो फारसा पटत नाही. दोन पॉइंटच्या शॉटला अधिक 2, हुकला तर उणे 1, म्हणजे तीनातला एक टाकला तरी हिशोब शून्यावर येतो आणि त्याहून जरा बरं मारलं की फायदाच. मग वाटेल तिथून मारत सुटणाऱ्यालाही तो चांगला म्हणतो.

पायरी 7: आता पूर्ण टीम, आणि मॅच का जिंकली ते शोधा

सगळ्या पायऱ्या इथे एकत्र येतात.

क्लीव्हलँड: एफजी 33-82, थ्रीपी 6-25, एफटी 21-25.
गोल्डन स्टेट: एफजी 32-83, थ्रीपी 15-41, एफटी 10-13.

थ्रीचे पॉइंट्स वेगळे काढा. गोल्डन स्टेटचे 45, क्लीव्हलँडचे फक्त 18. म्हणजे नुसत्या थ्रीवर 27 ची आघाडी, एवढ्यावर कुणीही म्हणेल गोल्डन स्टेट जिंकली असणार. दोन पॉइंटवाले बघा, क्लीव्हलँडने 27 टाकले, 54 पॉइंट्स. गोल्डन स्टेटने 17, म्हणजे 34. इथे क्लीव्हलँडने 20 भरून काढले. उरले फ्री थ्रो, 21 विरुद्ध 10, आणखी 11. 27 मागे, 31 पुढे, फरक चार. आली मॅच.

आता टक्केवारी. इफेक्टिव्ह काढलं तर क्लीव्हलँड 43.9, गोल्डन स्टेट 47.6, हरलेल्यांचं चांगलं. ट्रू शूटिंग काढलं तर क्लीव्हलँड बरोबर 50.0 आणि गोल्डन स्टेट 50.2. जवळजवळ सारखं! मग चार पॉइंट्स आले कुठून?

संधीतून. त्या 0.44 च्या सूत्राने टीमने एकूण किती प्रयत्न केले ते मोजा. क्लीव्हलँड: 82 अधिक 0.44 गुणिले 25, म्हणजे 93. गोल्डन स्टेट: 83 अधिक 0.44 गुणिले 13, म्हणजे 88.7. मारण्याची अचूकता सारखी, पण क्लीव्हलँडला चार प्रयत्न जास्त मिळाले, आणि एका प्रयत्नाला साधारण एक पॉइंट या दराने तेवढ्याच फरकाने ते जिंकले. ही संधी बास्केटखाली झगडून आणि आत घुसून फाउल काढून मिळते, आणि तक्त्यात ते दोन्ही दिसतं. रिबाउंड 48 विरुद्ध 39, फ्री थ्रोचे प्रयत्न 25 विरुद्ध 13.

डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने हेच चार गोष्टींत बांधलं आहे: शूटिंग, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि फ्री थ्रो, आणि त्यांचं वजनही त्याच क्रमाने, 40, 25, 20 आणि 15 टक्के. कुठलीही मॅच उघडा, या चारपैकी कोणी किती जिंकले ते बघा, बहुतेक वेळा निकाल तिथेच सापडतो.

पायरी 8: तक्त्यात काय नाही तेही बघा

तक्त्यात वेळ नसतो. त्या मॅचमध्ये स्कोअर 89-89 असताना साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ कुणाचाच एकही पॉइंट झाला नाही. मग दोनेक मिनिटं उरली असताना गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला रिकाम्या बास्केटकडे गेला आणि लेब्रॉनने मागून धावत येऊन त्याचा शॉट बोर्डवर चिकटवला. तक्त्यात ते काय आहे, तर लेब्रॉनच्या तीन ब्लॉकमधला एक आणि इग्वोडालाच्या हुकलेल्यांतला एक. 53 सेकंद उरली असताना अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून थ्री टाकला, तक्त्यात तो दोनपैकी एक. म्हणून महत्त्वाच्या मॅचला तक्त्यानंतर प्ले-बाय-प्लेची, म्हणजे कोणी कधी काय केलं याची, यादी उघडायची, निदान शेवटच्या पाच मिनिटांची. आणि चांगला स्क्रीन लावणं (आपल्या खेळाडूसाठी समोरच्याच्या वाटेत उभं राहणं), डिफेन्समध्ये वेळेवर मदतीला येणं, ओरडून सांगणं, हे कुठल्याच यादीत नसतं, त्याला मॅचच बघावी लागते.

पायरी 9: स्वतः लिहा

वाचायला शिकायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एक मॅच स्वतः लिहिणं. वाशी, नेरुळ, खारघर, ठाणे, कुठेही शाळा-कॉलेजच्या मॅचेस चालू असतात, एक मोठी वही आणि एक मित्र घेऊन जा. एकाने फक्त कोर्टकडे बघायचं आणि नंबर मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने मान खाली घालून फक्त लिहायचं. एकट्याने दोन्ही करायला गेलात तर रिबाउंड नक्की सुटतो.

वही आडवी धरा, एका ओळीत एक जर्सी नंबर. दोनचा शॉट मारला की 2 लिहा, तीनचा मारला की 3, आत गेला तर त्याला गोल करा. फ्री थ्रोला छोटी रेघ, गेला तर रेघेवर टिंब. रिबाउंडला ओ किंवा डी, बाकीला एकेक खूण. पहिल्या दिवशी असिस्ट आणि प्लस-मायनस सोडून द्या, फक्त शॉट, रिबाउंड, टर्नओव्हर आणि फाउल. हाफ टाइमला पॉइंट्सची बेरीज स्कोअरबोर्डशी जुळवून घ्या, चूक तेव्हाच सापडली तर सापडते, घरी जाऊन नाही.

आता त्या मुलीची ओळ, माझ्या वहीतली, जशी आहे तशी. मिनिटं 34. एफजी 1-3, थ्री नाही, फ्री थ्रो नाही, पॉइंट्स 2. ऑफेन्सिव्ह रिबाउंड 4, डिफेन्सिव्ह 5. स्टील 3. टर्नओव्हर शून्य. प्लस-मायनस अधिक 11. आम्ही ती मॅच सहाने जिंकलो होतो, ती बेंचवर होती त्या सहा मिनिटांत आम्ही पाचने मागे पडलो. हे सगळं मी गेल्या रविवारी त्यांच्या घरी बसून एकेक कॉलम दाखवत सांगितलं. ताईंनी शेवटी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि बाजूच्या मुलीच्या 16 पॉइंट्सवर बोट ठेवून विचारलं, सर, हिने हे किती शॉटमध्ये मारले?